गंगूचा जवळून काढलेला फोटो

मार्गशीर्षातली गोष्ट. मी भोरला फोटो काढायचो. तिथून वेल्ह्याला मामाकडे गेलो होतो, तर सकाळीच जवळच्या पासली गावचा धोंडिबा दारात उभा... म्हणाला, “बायकूचा फोटू काढायचाय. आजच चला.”

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, फिल्म मिळत नव्हती. कॅमेऱ्यात शेवटचे तीनच फोटो उरले होते. पण त्याचा चेहरा बघून कॅमेरा खांद्याला लावला आणि निघालो.

वाटेत त्यानेच सांगितलं. बाळंतपणानंतर गंगूचा ताप उतरलाच नव्हता, वैद्यांनी हात टेकले होते. मुलगी अजून पाळण्यात... तिला आई कळावी म्हणून हा फोटो.

त्याच्या घरात अंधार होता, म्हणून गंगूला ओसरीवर आणून बसवलं. अंगावर घोंगडी, आणि तरीही ती थरथरत होती. लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, त्यांचे वण गालभर.

सासू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “वाईच लांबनं काढा, दादा. वण दिसायला नगं.”

गंगूने ते ऐकलं. “न्हाई, आत्याबाई. जवळनंच काढू द्या. म्या कशी व्हते ते पोरीला दिसाया पायजे.”

सासू बाजूला झाली. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

माझ्या कॅमेऱ्याच्या खिडकीत एका चेहऱ्याचे दोन दिसतात, एक ठळक, एक फिकट. भिंगावरची कडी फिरवत ते एकमेकांवर नेमके बसवायचे, की फोकस लागला. लांबून थोडं चुकलं तरी खपतं. जवळून, त्यात उजेड कमी असला, तर माणूस बोटभर हललं तरी डोळा पुसट येतो आणि कान स्वच्छ...

दोन हातांच्या आत तो कॅमेरा फोकसच घेत नाही. तेवढ्या अंतरावर गुडघे टेकून बसलो. डोळ्यावर दोन्ही प्रतिमा जुळवायला गेलो तर तापाने डोळे पाणावलेले, कडाच धड सापडेना. दोनदा बटण दाबलं, दोन्ही वेळा ती हलली होती.

मग डोळ्याच्या अगदी खालचा एक वण दिसला. त्याच्या खळग्याची कड तिरप्या उजेडात स्वच्छ उठली होती. तो वण मी फोकससाठी धरला. धोंडिबाला म्हटलं, “मागे पाठीला पाठ लावून बसा, त्यांना टेकू द्या.”

थरथर कमी झाली, पण श्वासागणिक ती पुढेमागे होतच होती. शेवटी विचारलं, “वहिनी, क्षणभर श्वास धरता येईल का?”

“तेवढा धरते की,” ती म्हणाली.

तिने श्वास धरला. मी कडीला हात लावला नाही, स्वतःच केसभर पुढे झुकलो... दोन वण एक झाले. बटण दाबलं.

नंतर तिला जो खोकला लागला, तो थांबता थांबेना. धोंडिबाने तिला उचलून आत नेलं. मी कॅमेरा आवरला.

भोरला येऊन फिल्म धुतली. पहिल्या दोनांत चेहरा धुक्यासारखा. तिसऱ्यात पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा होता.

प्रिंट घेऊन पासलीला गेलो तेव्हा धोंडिबा खळ्यावर भात झोडत होता. डोकं भादरलेलं... विचारायचं काही उरलंच नाही. त्याने हात धोतराला पुसले, फोटो घेतला, आणि मला घरी घेऊन गेला.

घरी सासूने तो भिंतीतल्या कोनाड्यात देवाशेजारी ठेवला. शेजारणीने कुंकवाचं बोट पुढे केलं, तर म्हातारीने तिचा हात धरला.

“कुकू नगं लावू गं,” ती म्हणाली. “तिचं वण झाकत्याल.”

मग पाळण्यातल्या पोरीला कडेवर घेऊन ती कोनाड्यासमोर उभी राहिली. मी बाहेर येऊन चपला घातल्या...

पुढे खूप चेहरे काढले. पण तापाने फणफणलेल्या त्या बाईने मला जेवढं जवळ येऊ दिलं, तेवढं क्वचितच कुणी येऊ देतं. तिचे आभार मानायला मला अजून धड शब्द सापडलेले नाहीत.