लाल उकळलेला ग्रीन टी

ताईच्या तेरवीचे पाहुणे पांगले आणि अर्जुनी मोरगावच्या घरात मी आणि भाऊजी उरलो. त्यांनी ग्रीन टीचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

"बाई, तुमचं औषधाचं दुकान हाय कुडव्याले. खरं सांगा. याच्यानंच गेली का तुमची बहीण?"

पाकीट त्यांच्या मुलीनं नागपूरहून आणलं होतं. ताईचं वजन वाढलेलं. साखरेच्या चहाऐवजी दिवसाला दोन कप ग्रीन टी, यात वाईट काहीच नाही. पण आमच्याकडे लाल झाल्याशिवाय तो चहाच नव्हे. भाऊजी धानाच्या बांधीवर जाण्याआधी गंजात पत्ती खदखदा उकळून ठेवायचे. ताई दिवसभर तेच प्यायची, उपाशीपोटी, जेवताना. रक्तवाढीची गोळीसुद्धा त्याच्याबरोबर.

तिचं अंगावरून रक्त जायचं. गर्भाशयातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलेलं. पण डॉक्टर दर वेळी परत पाठवत, आधी रक्त वाढू द्या म्हणत. धानाची रोवणी आटोपल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा तिला गोळी घेताना पाहिलं.

"ताई, हा चहा लोह अंगी लागू देत नाही. मध्ये तास-दोन तास जाऊ दे. गोळी लिंबूपाण्यासोबत घे. आणि इतका कडू कशाला पितेस?"

"तुये भाऊजी करून ठेवतेत, फेकू कायले?" ती हसली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा चहा करून राहिले."

तिनं वेळा पाळल्या. रक्त वाढलं, ऑपरेशन झालं. पोट उघडल्यावर कळलं, गाठ कॅन्सरची होती, पसरलेली होती.

भाऊजींना मी खरं तेच सांगितलं. "चहानं नाही गेली. गाठ आधीची होती. गोळ्यांचा गुण यायला मात्र चहामुळे उशीर झाला."

"म्हंजे ऑपरेशन लांबलं."

"थोडं लांबलं. आधी झालं असतं तर वाचली असती का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही."

ते उठले. मला विचारून विचारून त्यांनी पाणी उकळी येण्याआधी उतरवलं, चिमूटभर पत्ती टाकली, थोड्या वेळानं गाळली. फिकट पिवळा चहा झाला. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"हा तं कडू नाही. मंग माहा चहा येवढा कडू होता, तं बोलली काऊन नाही?"

याचं उत्तर ताईनंच मला हसत दिलं होतं. तेही मी त्यांना सांगितलं.