खालाच्या पत्र्यावरचे दगड

"खाला गेली, घरी या," बायको फोनवर एवढंच बोलली. मी वसमतला बैठकीत होतो. गावकऱ्यांचा सरकारी सूचनांवर विश्वास कसा बसेल, हाच तिथला विषय. हसावं की रडावं, कळेना.

हाजराखाला आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण, माझ्या आईची मैत्रीण. आई गेल्यावर माझ्यावर ओरडायचा हक्क तिनं परस्पर घेऊन टाकला. मी पंचायतीत कारकून झालो तेव्हा "आपलं पोरगं सरकार झालं" म्हणत तिनं गल्लीभर साखर वाटली होती.

आमच्या कुरुंद्याकडं जमीन अधूनमधून गुरगुरते, मांडणीवरची भांडी वाजतात. एका पहाटे जरा मोठाच हादरा बसला. वरून सूचना आली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले दगड काढा, हादऱ्यात अंगावर पडतील. मी ती भोंग्यावरून पुन्हा पुन्हा वाचली. गावानं ऐकलं आणि सोडून दिलं. दगड काढले ते एकट्या खालानं, आणि शिडी धरायला लावली मला. खाली उतरून आमच्या छपराकडं बघत म्हणाली, "तुझे कवा काढतूस?"

"उद्या काढतो, खाला."

तो उद्या काही उजाडला नाही. वैशाखातल्या वादळात तिचे पत्रे उडून पार हळदीच्या मोकळ्या रानात जाऊन पडले. पंचनाम्याला आलेले साहेब तिला म्हणाले, "वर वजन का नव्हतं ठेवलं?" खालानं माझ्याकडं बघितलं. मी साहेबांना चहा सांगायला निघून गेलो.

छप्पर होईपर्यंत ती आमच्याकडं राहिली. म्हणजे माझ्याच दगडांखाली. एकदा जेवताना हात थांबवून म्हणाली, "वारं येणार, तुला ठावं व्हतं. मंग मला काहून न्हाई सांगितलंस?"

"हुकूम सरकारचा व्हता, खाला."

"सरकार मी कवा बघितलं रं? भोंग्यात आवाज तुझा व्हता."

पुढं तिचे पत्रे मी हुक ठोकून पक्के करून दिले. माझ्या घराचं काम राहिलं ते राहिलंच. तिला मात्र एक सवय लागली... भोंगा वाजला, लसीचा असो की पाणी उकळायचा, की ती अंगणात येऊन आधी आमच्याकडं काय चाललंय ते बघायची. बायकोनं पाण्याचं पातेलं चढवलं की मग हिची चूल पेटायची. सरकारवर विश्वास ठेवावा का, यावर साहेब लोक तासन्‌तास बोलतात. खाला भिंतीवरून बघून ठरवायची. बैठकीत हे सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

मागच्या आठवड्यात जमीन पुन्हा हलली. मी पुन्हा तीच सूचना वाचली, घरी आलो आणि सवयीनं भिंतीपलीकडं बघितलं. तिनं काढलेले दगड अजून दारापाशी रचून ठेवलेत. त्यांच्यावर बसून ती तांदूळ निवडायची. तिथं कुणी नव्हतं... खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. बघणारं कुणी उरलं नाही म्हणून. मग लाज वाटली, इतकी की बायकोलाही बोललो नाही.

आणि तरी, हे लिहितोय तेव्हा माझे दगड वरच आहेत.