उजव्या चाकातलं वंगण

सिरसाळ्यात सिदू मिस्त्रीचं पत्र्याचं शेड, पण जागा आप्पांची. लोक म्हणायचे, सिदूचे दोनच धनी, एक पाना आन् दुसरे आप्पा.

त्या दिवशी आप्पांचा चारी चाकांनी वढणारा फोर-व्हील ट्रक ट्रॅक्टरमागं टोचन लावून शेडात आला. आप्पा त्यात बसून पुढारी पाव्हण्यांना रान दाखवायला गेलते. काळ्या मातीत पुढची चाकं वढलीच न्हाईत. पाव्हणे पांढऱ्या कपड्यांनिशी चिखल तुडवत बांधावर आले. आप्पांची लाज गेली, खापर फुटलं डायवर अंगदवर.

"पुढची चाकं वढाया हबवरचे खटके लॉक करावे लागत्यात, ते केले न्हाईत ह्यानं. कावून इसरला बे?"

"केलते आप्पा, दोनी बाजूचे. आईची आण."

"सिदू, तूच बघ. ह्याची चूक निघाली तर आत्ता चावी काढून घेतो."

चावी गेली म्हंजी अंगदच्या हाती परत कोयता. बायको रोहिणी औंदाच ऊसतोडीतून सुटलती.

सिदूनं पुढची चाकं जॅकवर उचलली. दोन्ही खटके लॉकवरच होते. डावं चाक हातानं फिरवलं, त्याच्यासंगं आतला दांडा फिरला. उजवं फिरवलं. चाक गरगरा, दांडा ठार गप्प. पुढचा सगळा जोर तिथंच वाया जात होता.

त्यानं उजव्या चाकाच्या मधल्या हबचं टोपण खोललं. आत वंगण ठासून भरलेलं, थिजून खरवसासारखं झालेलं. दात्यांची कडी त्यात रुतलेली. खटका फिरला तरी ती सरकून दांड्याला धरणार कशी? आन् हे वंगण त्यानंच भरलं होतं, दिवाळीच्या आधी. बाप धुळाजी बैलगाडीच्या आखाला वंगण वघळूस्तर घालायचा, वंगणात कंजूषी केली का आख रडतो म्हणायचा. हबाला बोटभर लावायचं असतं हे सिदूच्या डोक्याला ठाऊक होतं, हाताला न्हवतं.

सांगावं तर शेड जातंय. न सांगावं तर अंगद. टोपण हातात धरून तो चाकापुढं उकिडवा बसून राहिला.

"मुहूर्त बघतो का बे?" आप्पा खेकसले.

"आप्पा, चूक माजी हाय. वंगण मी लई भरलं. अंगदनं लॉक केलतं, आतून धरलंच न्हाई."

सिदूनं डिझेलनं सगळं धुतलं, वंगणाचं नुसतं बोट फिरवलं, हब बसवला. उजवं चाक फिरवलं. दांडा फिरला.

"गाडी रानात फसली का तिथंच खोलणारा माणूस पायजे मला," आप्पा म्हणाले. "आजपून तूच चालवायची. शेडाला कुलूप घाल."

"आन् अंगद?"

"दोघं दोघं पोसू का?"

अंगदनं चावी बॉनेटवर ठेवली. केबिनमधून डबा आन् टॉवेल काढला.

"अंगद, मी तर खरं..."

"गप बसला असतास तरी चावी गेलीच असती," अंगद म्हणाला. "पर मग तुला शिव्या तरी देता आल्या असत्या."

आप्पा केबिनमधी चढून बसले, हात लांबवून हॉर्न दाबला. सिदूनं हात पुसले आन् चावी उचलली.