सी उडतो, डी राहतो

आमच्या पडेगावच्या घरात फ्रीज कुठं ठेवायचा, पाण्याची टाकी कुठं बसवायची, हे मी ठरवते. पण कॉम्प्युटरमध्ये काय कुठं ठेवायचं, हा प्रांत माझ्या नवऱ्याचा, धम्मपालचा. त्या प्रांतात तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नवा प्रोग्राम टाकताना कॉम्प्युटर विचारतो, कुठं टाकू? सगळं जग न वाचता बटण दाबून मोकळं होतं. हा थांबतो. तिथं आधीच असलेलं 'सी', म्हणजे पहिल्या कप्प्याचं नाव, खोडतो, 'डी', म्हणजे दुसऱ्याचं, लिहितो, आणि मगच त्याच्या जिवाला स्वस्थता मिळते.

याला कारण घडलं होतं. तेव्हा तो पैठण गेटजवळच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मशीन रुसलं की सी ड्राइव्ह पुसायचा आणि सगळं नव्यानं टाकायचं, हा त्या धंद्यातला हमखास इलाज. एकदा त्यानं असाच एक सी पुसला आणि त्यात एका माणसाच्या वारलेल्या मुलीचे फोटो होते. तो माणूस भांडला नाही. "अब वो कहाँ मिलेगी, भाई?" एवढंच म्हणाला आणि काउंटरला टेकून उभा राहिला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. धम्मपाल त्या दिवसापासून साधं पाणीही फुंकून प्यायला लागला. प्रत्येक गिऱ्हाइकाचं सगळं सामान डीमध्ये हलवायचं आणि त्या डीला त्या गिऱ्हाइकाच्या घरातल्याच कुणाचं तरी नाव द्यायचं, ही त्याची रीत. नाव दिसलं की पुसणाऱ्याचा हात थांबतो म्हणे. 'सी उडतो, डी राहतो' हे त्याचं वाक्य आमच्या लेकीनं शाळेत सुविचार म्हणून फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

पुढं त्याला अंध लोकांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत नोकरी लागली. तिथं त्यानं गोष्टींची लाइन काढायची ठरवली. एका नंबरवर फोन लावायचा, बटण दाबायचं आणि गोष्ट ऐकायची. सांगणाऱ्यानंही त्याच नंबरवर फोन करून बोलायचं, आवाज सरळ सर्व्हरमध्ये जाऊन बसणार. सर्व्हर म्हणजे भाड्यानं घेतलेलं मशीन; ते कुठल्या शहरात आहे हे आमच्या ह्यांनाही ठाऊक नव्हतं.

एका रविवारी सकाळी घरी बसून त्यानं तो प्रोग्राम बसवायला घेतला. मी शेजारी मेथी निवडत होते. मशीनवर एक डी होताच, आयता. त्याचा चेहरा उजळला.

"अहो, पण ह्यावर 'टेम्पररी' असं काहीतरी लिहिलंय," मी म्हटलं.

"कंपनीची पाटी असते गं ती. नव्या फ्लॅटवर बिल्डरची असते तशी. आपण राहायला गेलो की काढायची."

त्यानं पाटी काढली आणि तिथं 'आई' असं नाव दिलं. आत कसल्याशा इंग्रजी नावाची एक फाइलही पडून होती. नव्या मशीनबरोबर असला कचरा येतोच, म्हणून तीही न उघडता उडवली. मग प्रोग्राम डीमध्ये, गोष्टी डीमध्ये. शिवाय दर आठवड्याला सीची एक नक्कल निघून डीमध्ये जाईल अशी सोय केली, कारण उडणार तो सी! डीची नक्कल कशाला काढायची? तिजोरीला कुणी आणखी एका तिजोरीत ठेवतं का? असा हा शहाणा.

'आई' हे नाव उगाच नव्हतं. लाइनवर गोष्टी सांगणार होत्या त्याच्या आई, माझ्या सासूबाई, चंपाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. बिडकीनकडं कापसाच्या जिनिंगवर त्यांचा जन्म गेला. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळं त्यांनी घरात मीठ मागितलं तरी शेजारीण मीठ घेऊन यायची. गोष्टी सगळ्या त्यांच्या स्वतःच्या, जिनिंगवरच्या बायांच्या, भुतांच्या, एका बिनशेपटाच्या शेळीच्या. गोष्टीत वळण आलं की हातातली मिश्रीची डबी नखानं वाजवायच्या, टक. मग थोडं थांबायच्या. पुढं काय होणार म्हणून ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला.

गंगापूरकडचे त्रिंबकबुवा त्यांचे पक्के गिऱ्हाईक. मेंढरांमागं उमर गेलेली, म्हातारपणी नजर गेली. रोज फोन लावून ऐकायचे आणि शेवटी ऑफिसचं बटण दाबून धम्मपालला सांगायचे, "बाईला म्हनावं, शेळी लई ब्येस जमली."

मग आत्याबाईंना घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. बाई वाचल्या, आवाज गेला. भिंतीपलीकडं ऐकू जाणारी ती बाई आता गळ्यातल्या भोकातून नुसता श्वास सोडायची. मिश्री सुटली, पण रिकामी डबी हातात तशीच. दुपारी त्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या, नातीकडून लाइनचा नंबर लावून घ्यायच्या आणि स्वतःच्याच गोष्टी ऐकायच्या. मी आत गेले की लाजून फोन पदराखाली. दुसरीकडं कुठं तो आवाज नव्हता. आमच्या एवढ्या गोतावळ्यात कुणी म्हणून त्यांना बोलताना टिपलं नव्हतं. लाइन आहे की, कशाला!

एका सकाळी चहा पिता पिता धम्मपालनं लाइन बंद का पडलीय हे बघायला लॅपटॉप उघडला. मी पोळ्या लाटत होते. पोळी द्यायला वळले, तर माणूस पांढराफटक. कप हातात तसाच.

"रूपा," तो म्हणाला, "आई नाहीये."

"आत्ता तर अंगणात बघितल्या मी!"

त्यानं बोटानं पडदा दाखवला. 'आई' ह्या नावाच्या जागी पुन्हा तीच जुनी पाटी आली होती, टेम्पररी. आत प्रोग्राम नाही, गोष्टी नाहीत, काही नाही. होती फक्त ती इंग्रजी फाइल, नव्यानं आलेली. ह्या वेळी त्यानं ती उघडली. हा डी फक्त तात्पुरत्या सामानासाठी आहे, इथं ठेवलेलं कधीही पुसलं जाऊ शकतं, जपायचं असेल ते इथं ठेवू नका, असं तिच्यात सरळ लिहिलं होतं. कंपनीला फोन केला तर तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, तुमचं मशीन बिघडलं होतं, म्हणून आम्ही दुसऱ्या मशीनवर हलवलं. सी जसाच्या तसा आहे, सर.

सी जसाच्या तसा आहे! मी लाटणं हातात घेऊन खाली फरशीवर बसले. शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं, पण समोर बसलेला माणूस पैठण गेटच्या काउंटरला टेकून उभा राहिलेल्या त्या बापासारखा दिसत होता. मी उठून गॅस बंद केला.

त्याच दिवशी त्यानं एक वेगळी, कायमची डिस्क विकत घेऊन त्या मशीनला जोडली. कुठं टाकू, ह्या प्रश्नाशी किती तरी वेळ बसला. ओळ न् ओळ वाचली, कंपनीला विचारलं, खात्री केली, डीला हातसुद्धा लावला नाही. घरातल्या एका हार्ड डिस्कच्या डब्यातही नक्कल जाईल अशी सोय केली. प्रोग्राम झकास बसला. त्यात ठेवायला मात्र काही नव्हतं.

आईला सांगायचं धाडस त्याच्यात नव्हतं आणि माझ्यातही नव्हतं. दुपारी त्यांनी नेहमीसारखा नंबर लावून घेतला. फोनमधून मशीनचा आवाज आला, "सध्या एकही गोष्ट उपलब्ध नाही." त्यांनी पुन्हा लावायला लावला. पुन्हा तेच. मग फोन खाली ठेवून त्यांनी लेकाकडं बघितलं. तो त्यांच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा हमसून रडला. त्या रडल्या नाहीत. हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला.

तेवढ्यात धम्मपालचा फोन वाजला. त्रिंबकबुवा. मीच उचलला, स्पीकरवर टाकला आणि एका दमात सांगून टाकलं, गोष्टी गेल्या.

"गेल्या? अशा कशा जातील?" बुवा तडकले. "माज्यापाशी हायेत की. मेंढरं ध्यानात ऱ्हायची, गोष्ट नाय ऱ्हायची व्हय? ऐका." आणि बिनशेपटाची शेळी सुरू झाली. शब्द आत्याबाईंचे, हेल आत्याबाईंचा. शेळी नाल्यात उतरली आणि बुवा दोनदा खोकले.

"ठसका लागला का बुवा? पाणी प्या," मी म्हटलं.

"मला कुठला ठसका? बाई खोकते तितं. पयल्या गोष्टींत नाय खोकत. ह्या गोष्टीपसून खोकते."

मी धम्मपालकडं बघितलं. ही गोष्ट आत्याबाईंनी दवाखान्याच्या कितीतरी आधी सांगितलेली. रेकॉर्डिंग नीट झालं का हे बघायला तो रोज पडद्यावरची आवाजाची रेघ हिरवी आहे की लाल, एवढंच तपासायचा. आणि मी? मी त्याच घरात मेथी निवडत होते. आमच्यापैकी एकालाही तो खोकला ऐकू आला नव्हता. गंगापूरच्या आंधळ्या म्हाताऱ्यानं तो पाठ केला होता.

बुवा पुढं सांगत राहिले. शेळी विहिरीपाशी आली आणि ते थांबले, डबीच्या जागी. खोलीत आवाज झाला, टक.

पलीकडून हळूच, "बाई? तुमी हायसा तितं? मग सांगा की तुमीच म्होरं. मी ऐकतो."

बुवांना ऑपरेशनचं माहीतच नव्हतं. मीच सांगितलं, "बुवा, त्यांचा आवाज गेला. कायमचा."

आत्याबाईंनी फोन स्वतःकडं ओढला आणि डबी वाजवली. पुन्हा वाजवली.

"बरं बाई," बुवा म्हणाले, "सांगतो मी. चुकलो तर वाजवा."

धम्मपालनं लॅपटॉप जवळ ओढून रेकॉर्डिंग सुरू केलं. बुवा बोलायला लागले, आणि एके ठिकाणी पुन्हा खोकले. आम्ही दोघांनी डबीकडं बघितलं. आत्याबाईंचं नख डबीवर होतं, पण त्यांनी ती वाजवली नाही.