बाई जाऊन राहिल्या

माझी नोकरी कौशल्याबाईंनी वाचवली, हे आधी सांगतो. बाकीचं मग... ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तिरोड्याच्या कौशल्याबाई आम्हाला चोरखमाऱ्याजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मी नववीत असताना बाबांना लकवा मारला आणि मी शाळा सोडली. दाखला घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी त्यावरच्या 'लीव्हिंग' शब्दावर बोट ठेवलं. "कागदावर लिवलं मनून सुटला समजू नको, पोट्ट्या. माह्या तावडीतून कोणी सुटत नाही." खरंच निघालं ते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्यासारख्या बाहेरगावी पांगलेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि रोज संध्याकाळी आपल्या आवाजात एक इंग्रजी शब्द पाठवू लागल्या. सुरुवात ठरलेली, "जेवले का रे सारे?" मागे कुकरची शिटी. मला त्यांनी ग्रुपचा ॲडमिन करून ठेवलं होतं. "माहं बोट कुठंबी लागते. मी चुकून बाहेर पडली, तं तू मले आत घेजो."

मी कोइम्बतूरला एका हॉटेलात खोल्या साफ करतो. इथे हिंदीही फारशी चालत नाही. कधीकधी दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. मागे बहिणीच्या लग्नासाठी सुट्टी हवी होती. घोकघोक घोकलेलं वाक्य सुपरवायझरसमोर बोललो, "सर, आय वॉन्ट टू लीव्ह." त्यांनी मान हलवली आणि गणवेश, ओळखपत्र जमा करायला सांगितलं. मला वाटलं, सुट्टीवर जाताना इथे तशीच पद्धत असेल! माझ्या जागी दुसरा माणूस येणार हे नंतर कळलं. रडतच बाईंना फोन लावला. "कायले रडून राहिला? फोन दे त्याले." त्या काय बोलल्या ठाऊक नाही, पण सुपरवायझर आधी खुर्चीतून उठले, मग 'यस मॅडम' म्हणाले, मग हसले. ओळखपत्र परत मिळालं. सुट्टीही.

संध्याकाळचा शब्द अर्थात 'लीव्ह'. "मधात 'टू' टाकला तं तू गेला, नाही टाकला तं नुसती सुट्टी. पाहुणा खोलीत चष्मा लीव्ह करते, मंजे इसरून जाते. 'लीव्ह इट' मंजे राहू दे. अन् जे 'लेफ्ट', ते उरलेलं. एकच शब्द, जाते बी अन् राहते बी." मी विचारलं, असं कसं? "काऊन? आपण जातानी नाही का मनत, मी जाऊन राहिलो? शहरातले हसतेत. हसू दे त्यायले."

गेल्या महिन्यात दुपारी चादरी बदलताना फोन पाहिला. ग्रुपवर बारीक अक्षरांत आलं होतं, कौशल्याबाई लेफ्ट. मला हसू आलं. लागलं बोट! सांगून ठेवल्याप्रमाणे मी त्यांना आत घेतलं. पुन्हा लेफ्ट. पुन्हा घेतलं. मग त्यांच्या मुलाचा, विलासभाऊंचा फोन आला. "नको घेऊ, बापू... आईचा फोन बंद कराचा हाये, मनून मी एकेक ग्रुप सोडून राहिलो. आई परवा गेली. सगळ्यायले कळवणं झालं नाही."

मी अर्धी घातलेली चादर धरून तसाच बसलो. कामावरचा माझा जोडीदार तमिळ. त्याने खुणेनेच विचारलं, काय झालं? माझ्याजवळ जेवढं इंग्रजी होतं तेवढ्यात सांगितलं, "माय टीचर लेफ्ट." तो हसून म्हणाला, "व्हेन कमिंग बॅक?" ...आणि मला दुसरा शब्द सुचेना. ज्यांना विचारायचा, त्याच नव्हत्या.

आता संध्याकाळी ग्रुप गप्प असतो. सगळे आहेत, कुणी बाहेर पडलेलं नाही. बोलत मात्र कुणीच नाही. मी त्यांचा जुना आवाज लावतो. कुकरची शिटी होते, डाळ उतू जाते, बाई "थांबा रे" म्हणून उठतात, आणि थोडा वेळ नुसतं रिकामं घर ऐकू येतं. त्या रिकाम्या घरात मी बसून राहतो.

परवा मात्र मीच माइकचं बटण दाबलं आणि म्हणालो, "जेवले का रे सारे?" शब्द चुकेल, कुणी हसेल, ही भीती होतीच. पण बाई, मी शाळेतून बाहेर पडलो तेव्हा तुम्ही मला आत घेतलं होतं. ते फेडीन, कधीतरी नक्की फेडीन... बाहेर पडलेलं एखादं पोर दिसलं, की त्याला आत घेईन.