पोलादपूरचे दोघे भाऊ चीनला गेले

टूरवरून परत आलं की कपडे धुतले जातात, बॅग माळ्यावर जाते, झेंडा ऑफिसात जमा होतो. किस्से कुठेच जमा करता येत नाहीत. ते डोक्यात साठत राहतात, आणि चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, काहीतरी गंमत सांगा की!"

सांगते. मी गेली चौदा वर्षं महाडच्या एका छोट्या टूर कंपनीत टूर मॅनेजर आहे. पण एक आधीच सांगून ठेवते. आमच्याकडून चीनसारख्या लांबच्या टूरला माणूस फारसा हौसेनं येत नाही. घरात काहीतरी होऊन गेलेलं असतं, आणि मुंबईतली मुलं म्हणतात, "जरा फिरून या, बरं वाटेल." मग ती माणसं माझ्या झेंड्यामागून चालत राहतात. बरं वाटतं का, ते मला कोणी सांगितलेलं नाही.

मागच्या मे महिन्यात बावीस जणांचा ग्रुप नेला होता. त्यातले हे किस्से.

*

मुंबई एअरपोर्टवर मी पासपोर्ट वाटत होते. पोलादपूरकडच्या एका वाडीतले शांतारामभाऊ, वय अडुसष्ट, पासपोर्ट खिशात ठेवून वळले आणि जागच्या जागी थिजले. समोरून रिकामी ट्रॉली ढकलत काशिनाथभाऊ येत होते. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. बारा वर्षं दोघांचं बोलणं नाही! शेताच्या बांधावरून भांडण.

हा सगळा त्यांच्या मुलांचा प्लॅन. चुलतभावांचं आपसांत उत्तम जमतं. दोघांनी बापांना पत्ता न लागू देता एकाच ग्रुपमध्ये बुकिंग केलं, आणि वर मला फोन, "मॅडम, अकरा दिवस एकत्र राहतील. बोलतीलच की!"

शांतारामभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला सांगा, मी घरी चाललो."

काशिनाथभाऊ तीन फुटांवर उभे. तेही माझ्याकडेच बघून म्हणाले, "त्याला सांगा, बॅगा आत गेल्या."

झालं! तेव्हापासून मी त्यांची निरोप्या. विमानात सीट नेमक्या शेजारी आलेल्या. मी अकरा रांगा मागे डोळे मिटून बसले होते, तर एअर होस्टेस मला उठवायला आली. "मॅम, ते काका बोलावतायत. अर्जंट आहे." मी धावत गेले.

शांतारामभाऊ म्हणाले, "त्याला सांगा, कोपर आवर."

*

आमची चिनी गाईड होती लिली. पंचवीस-सव्वीस वर्षांची, इंग्रजी बोलणारी, टूर संपेपर्यंत आमच्याबरोबर.

ग्रुपमध्ये दासगावच्या पार्वतीआक्का होत्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. बीजिंगच्या राजवाड्यात एक आवार संपलं की दुसरं, ते संपलं की तिसरं. आक्का मागे पडल्या आणि आपल्या पद्धतीनं हाक मारायला लागल्या, "लिली गो!"

लिलीनं मागे बघितलं, हसली आणि भराभर चालायला लागली.

"लिली गोऽऽ! अगो लिली!"

लिली जवळजवळ पळायलाच लागली. आम्ही सगळे तिच्यामागे, धापा टाकत!

शेवटच्या दरवाजाशी ती मला कौतुकानं म्हणाली, "युवर ग्रँडमदर व्हेरी स्ट्राँग! ऑलवेज सेज गो, गो!"

मी कपाळाला हात लावला. मग तिला समजावलं, आमच्याकडे बाईमाणसाला मायेनं हाक मारताना हा 'गो' लावतात. त्याचा अर्थ पळ असा नाही.

लिली हसेल असं मला वाटलं होतं. तिनं मागे आक्कांकडे बघितलं. म्हणाली, "माझी आजी पण माझ्या नावाला असंच काहीतरी जोडायची. ती गेली तेव्हा मी टूरवर होते."

तिथून पुढे ती ग्रुपच्या शेवटी चालली, आक्कांच्या बाजूनं. पुढे झेंडा घेऊन मी.

*

शिर्के सर आमच्या महाडचेच, रिटायर्ड शिक्षक. त्यांनी मिसेससकट बुकिंग केलं होतं ते फार आधी. मग मध्ये कोरोनात व्हिसा बंद झाले. व्हिसा सुरू होईपर्यंत मिसेस राहिल्या नाहीत. सर म्हणाले, "मी येतो. बुकिंग केलंय ना."

ऑफिसनं एक चूक केली. हॉटेलच्या रूमच्या यादीतून बाईंचं नाव काढायचं राहून गेलं. बीजिंगला रिसेप्शनवरच्या मुलीनं सरांकडे दुसरा पासपोर्ट मागितला. "मिसेस शिर्के?"

मी पुढे होऊन काही बोलणार, तोच सर तिला शांतपणे म्हणाले, "शी इज नॉट कमिंग." जणू बाईंना सर्दी झाली होती!

मी सरांची दहा वेळा माफी मागितली. सकाळी नाश्त्याला ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, त्यांनी रूममध्ये दोन जोड सपाता ठेवल्या होत्या. एक मोठा, एक लहान."

"सॉरी सर, मी आजच सांगते त्यांना, पुढच्या हॉटेलात..."

"नका सांगू," सर म्हणाले. "लहान जोड बरोब्बर तिच्या मापाचा होता."

पुढच्या तिन्ही हॉटेलांत मी यादी बदलली नाही.

*

चीनची भिंत! टूरचा हायलाइट. केबल कारनं वर गेलो. जिकडे नजर जाईल तिकडे डोंगराच्या माथ्यावरून भिंत चाललेली. लोक फोटोत गुंग. शांतारामभाऊ मात्र वाकून दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवत होते. शेतकऱ्याचा हात!

मी माहिती देत होते की ही भिंत शत्रू आत येऊ नये म्हणून बांधली, पिढ्यान् पिढ्या काम चाललं, वगैरे.

शांतारामभाऊ कमरेवर हात ठेवून ताठ झाले. "मॅडम, त्याला सांगा. बांध असा घालतात!"

सगळा ग्रुप खो खो हसला. शिर्के सरसुद्धा!

काशिनाथभाऊ नाही हसले. ते भिंतीच्या पलीकडच्या बाजूला बघत होते. "मॅडम, त्या पोरीला विचारा, पलीकडं आता कोण ऱ्हातं?"

मी लिलीला विचारलं. लिली म्हणाली, "दॅट साइड? ऑल्सो चायना."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तिकडेही आता चीनच आहे."

"मग हेच सांगा त्याला," काशिनाथभाऊ म्हणाले, आणि एकटेच केबल कारच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

*

शिआनला पोचलो त्या दिवशी दुपारी मला फोन आला. दासगावहून, आक्कांच्या मुलाचा. सव गावात राहणारी आक्कांची धाकटी बहीण सकाळी वारली होती. "आईला सांगू नका मॅडम. तिथं कोणाजवळ रडेल ती? आल्यावर आम्ही सांगू."

अजून पाच दिवस होते.

त्याच संध्याकाळी कार्यक्रमात रेशमाचं दुकान. आक्कांनी माझा हात धरून आत नेलं. "माझ्या भयनीसाठी शाल घ्यायची हाय. तू रंग निवड गो. माझे डोळे नाय चालत."

मी म्हटलं, "आक्का, तुम्हीच निवडा ना."

"नाय नाय, तूच. तिचा रंग गोरा हाय हां, माझ्यावानी काळी नाय ती."

शेवटी मी हिरवी शाल उचलली. आक्कांनी ती गालाला लावून बघितली. मग म्हणाल्या, "ह्यांना विचार, तिला नाय आवडली तर परत घेतील काय?"

लिली म्हणाली, "नो एक्सचेंज."

"ऱ्हाऊंदे!" आक्का खळखळून हसल्या. "नाय आवडली तर मलाच होईल!"

मी फोन आल्याचं सोंग करून दुकानाबाहेर गेले.

परत आल्यावर महिन्याभरानं आक्का मला महाडच्या बाजारात दिसल्या. मी जवळ गेले. मनाची तयारी करून गेले होते. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"पाच दिस तुला ठाव होतं," त्या म्हणाल्या, "आन् तू माझ्यासंगं हसून फोटो काढलेस."

*

शिआनला दुसऱ्या दिवशी मातीचे सैनिक. जमिनीखाली सापडलेली राजाची फौज, हजारोंनी पुतळे, प्रत्येकाचा चेहरा निराळा. एका कोपऱ्यात अजून खोदकाम चालू होतं. दोन बायका गुडघ्यांवर बसून, हातात बारीक ब्रश घेऊन, एका सैनिकाच्या खांद्यावरची माती झाडत होत्या. अगदी हळू, झोपलेल्या मुलाच्या अंगावरची माशी वारावी तशा.

ग्रुप पुढे गेला. काशिनाथभाऊ कठड्याला धरून तिथेच उभे. मी बोलवायला गेले.

"असं ब्रशनं काढतात?" त्यांनी विचारलं.

"हो. धक्का लागू नये म्हणून."

"मातीच्या माणसांना?"

"हो ना. एकेकाला महिने लागतात म्हणे."

त्यांनी कठडा सोडला. मग म्हणाले, "आमच्याकडं जेसीबी लावला होता."

आमच्या भागात एवढं बोललं की पुढचं विचारावं लागत नाही. तरी परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि आपण होऊन बोलले. तीन पावसाळ्यांपूर्वी भर दुपारी डोंगर सुटला. शेत गेलं, ज्याच्यावरून भांडण तो बांधही गेला. वर काशिनाथभाऊंचं घर होतं. ते म्हशी घेऊन खाली आले होते. घरात बायको होती.

"त्याला आदल्या दिशी भेग दिसली होती. माझ्या घराच्या वर." त्याला म्हणजे शांतारामभाऊंना. ते चार सीट मागे खिडकीबाहेर बघत बसले होते. "त्यानं शेजारणीजवळ निरोप धाडला. दोघं आमच्याकडं ऱ्हायला या म्हणून. मी म्हटलं, घर रिकामं करून ह्याला बांध सरकवायचा असंल. नाय गेलो."

मी मागे वळून बघितलं.

"तो स्वतः आला असता तर मी ऐकलं असतं, मॅडम."

बस सिग्नलला थांबली, सुटली.

"ऐकलं असतं की नसतं, कुणाला ठाव," ते म्हणाले.

सकाळपासून मी त्या दोघांचे सात निरोप पोचवले होते. त्या संध्याकाळी शांतारामभाऊंकडून आठवा आला, "त्याला विचारा, गोळी घेतलीन् काय?"

*

शेवटचं ठिकाण गुइलिन. तिथून दोन-अडीच तासांवर डोंगरात भाताची खाचरं आहेत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकावर एक शेकडो खाचरं, आणि मे अखेर म्हणून सगळी पाण्यानं भरलेली. आमची माणसं वाटेतच थबकली. इतके दिवस राजवाडे बघितले, मंदिरं बघितली, पण हे त्यांचं होतं! आक्कांनी तर लांबूनच हात जोडले.

आम्ही फरसबंद वाटेनं चढत होतो. एका वळणावर शांतारामभाऊ थांबले. वाटेच्या खाली एका खाचराचा बांध पोटातून फुगला होता, तळाशी गढूळ पाणी निघत होतं. एक म्हातारी एकटीच फावड्यानं चिखल ओढून त्याच्यावर थापत होती. थापायची तेवढा वाहून जायचा.

"अगो, चिखलानं नाय थांबायचं ते!" शांतारामभाऊ वरून ओरडले. "आधी दगड घाल!"

म्हातारीनं वर बघितलं, हसली, पुन्हा चिखल ओढायला लागली.

शांतारामभाऊंनी बूट काढले. पँट दुमडली. लिली धावली, "सर, नो, नॉट अलाउड!" तोवर ते खाली उतरले होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस! बांधाच्या बुडाशी बसून त्यांनी हातानं भोक चाचपलं आणि मागे न बघताच हात मागे केला. दगडासाठी. मागे कोणीच नव्हतं, आपल्या शेतात असल्यासारखा हात केला.

मी काशिनाथभाऊंकडे बघितलं. निरोप काही नव्हता.

ते एक मिनिटभर उभे राहिले. मग चपला काढून उतरले, शेजारच्या पडलेल्या गडग्यातला, म्हणजे रचून घातलेल्या कुंपणातला, एक दगड उचलला आणि त्या हातात ठेवला.

शांतारामभाऊंनी वळून बघितलं नाही. दगड बसवला, पुन्हा हात मागे. दुसरा दगड. मग तिसरा. मोठा कधी द्यायचा, चपटा कधी, मध्ये भरायला बारीक खडी कधी, एक शब्द न बोलता. एकही दगड परत आला नाही. वरती अख्खा ग्रुप उभा, कोणी फोटोसुद्धा काढला नाही. अर्ध्या तासानं पाणी थांबलं.

दोघं कमरेला हात लावून उभे राहिले, चिखलानं भरलेले. म्हातारी आनंदली. दोघांकडे आळीपाळीनं बघत, बोट दाखवत तिनं लिलीला काहीतरी विचारलं. लिलीनं मला सांगितलं, मी त्यांना सांगितलं, "त्या विचारतायत, तुम्ही दोघे भाऊ आहात का?"

काशिनाथभाऊ थोरल्याकडे बघत होते.

शांतारामभाऊंनी वाकून खाचरातल्या पाण्यात हात धुतले. दोन्ही हात, कोपरापर्यंत.

"सांगा तिला," ते म्हणाले, "होतो."

लिली माझ्याकडे बघत थांबली होती.

मी म्हटलं, "येस."