चुट्टेवालीच्या माचिसनं लागलेली जोत

खरं सांगू, त्या नवरात्रात मी देवीशी बोलणंच सोडलं होतं. दिव्यात तेल घालून राह्यली होती, रोजची माळ चढवून राह्यली होती, पण आतून एकच प्रश्न. नवरा मले तुझ्यासमोर मारते अन् तू नुसती पाहतेस, काऊन? मी एमएस्सीची पोरगी, प्रश्न पडला की सुटत नाही मले. आमचं गाव तेलंगणात, जैनथकडचं, कॉलेज आदिलाबादले. लग्नाच्या वक्ती सासरचे "शिकू देऊ" म्हणले होते. मग कॉलेजातून यायले बस लेट झाली की पहिले शिव्या, मग हात, मग पट्टा. कॉलेजात अशा पोरींले मदत करायचं काम एका मॅडमकडं आहे. तेलुगू आहेत, माझ्याशी हिंदीतच बोलतात. एकदा त्यांनी माझ्या मानेवरचा डाग पाहिला. काही खोदून विचारलं नाही, नंबर दिला अन् म्हणल्या, "छुट्टी हो, कुछ भी हो, फोन करना. मैं आऊँगी." तरी मी निंघाली नाही. आधी भीती होती, अन् मग घट बसले.

आमच्या घरचा नेम असा, की ज्या सुनेच्या हाती अखंड दिवा तिनं घट उठेपर्यंत वेस ओलांडायची नाही. दिवा इझला तर घरावर संकट, अन् पाप तिच्या माथी. आता पाहा, मी केमिस्ट्री शिकते! तेल, वात, ऑक्सिजन, सगळं पाठ आहे मले. तरी मी मानत होती. मार खाऊन उठायची अन् पहिले वात पाहायची, मग स्वतःचं तोंड.

पाचव्या माळेच्या संध्याकाळी मी एवढंच म्हणलं, की सुट्टीनंतर परीक्षा आहे. घटासमोरच मारलं त्यानं. बांगड्या फुटल्या अन् काचा घटाच्या मातीत गेल्या. सकाळी तो कापूस वेचायच्या बाया घेऊन वावरात गेला, अन् आत्याबाई, म्हणजे माझी सासू, घटात उगवलेल्या कोवळ्या धनातून एकेक काच वेचत बसल्या. ह्या बाईनं मले सोडवायले कधी मधात पाय टाकला नव्हता. वर न पाहताच म्हणल्या, "पोरी, जोतीवर जोत लाव अन् निंघ."

"अन् वेस?"

"तुही जोत तुह्यासंगं. इथली मी पाह्यतो. घट काय पळून चालला?"

माझं तोंड कुठं बंद राहते! "आत्याबाई, तुमी काऊन नाही गेल्या कधी?"

त्या काच वेचतच राह्यल्या. "कोठं जातो वं? माह्यासाठी कोन फाटक उघडून उभं होतं?"

मी मॅडमले फोन लावला. दसऱ्याच्या सुट्ट्या, होस्टेल बंद. तरी मॅडम म्हणल्या, "आ जा. चाबी मेरे पास है." आत्याबाईंनी स्टीलच्या खोल डब्यात तांदूळ ओतले, त्यात पणती रोवली, घरच्या दिव्यावर तिची वात पेटवली. मी एका हातात डबा, खांद्यावर कॉलेजची बॅग, अशी वेशीबाहेर पडली. बस आली तर कंडक्टर अक्कानं डब्यात वाकून पाहिलं अन् हातच जोडले, "बसमध्ये आग चालत नाही अम्मा." मग ऑटो.

ऑटोत माझ्या बाजूले एक म्हातारी होती. मांडीवर इकडच्या बतुकम्माच्या सणासाठी तंगेडीच्या पिवळ्या फुलांचा भारा, अन् तोंडात चुट्टा, तो विडीपेक्षा जाड असते ना, तो! मी डब्यावर ओढणी धरून बसली होती, सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात कापसाचा ट्रक बाजूनं गेला, असा वारा आला, अन् जोत गेली. नुसता धूर. मी जोरात रडायलेच लागली. "भाऊ, गाडी फिरवा. मले वापस जायचं आहे." मले वाटलं झालं, देवीनं उत्तर दिलं. ती म्हणते, घरी जा.

"एंदुकु एडुस्तुन्नव बिड्डा?" म्हातारीनं विचारलं, काऊन रडून राह्यली पोरी. मी सांगितलं, देवी इझली. तिनं चुट्टा तोंडातून काढला, माझ्या मनगटावरचा निळा वळ पाहिला, डब्यात पाहिलं. "अम्मवारु गालिकि आरिपोतदा?" देवी काय वाऱ्यानं इझते का! अन् कमरेची माचिस काढली.

"ओ अम्मा, चुट्ट्याची माचिस? देवीले?"

तर ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणते, "तुह्या देवीले अंगार पायजे का माचिसचं खानदान?"

ड्रायव्हर असा हासला की ऑटो हालला. रडता रडता मीही हासली! म्हातारीनं पदराचा आडोसा केला, तंबाखूचा भपकारा आला, अन् जोत लागली. तशीच पिवळी, तशीच सरळ. ड्रायव्हरनं विचारलं, "मग, फिरवू का?" म्हातारी फुलं नीट करत बसली. मी म्हणली, "नको भाऊ. सीधं चाला."

मॅडम होस्टेलच्या फाटकातच उभ्या होत्या, कुलूप हातात घेऊन. डबा पाहून पहिला प्रश्न, "तेल है ना?" बस, एवढंच. मग डॉक्टर झालं, महिला केंद्र झालं. प्रत्येक ठिकाणी त्या म्हणायच्या, "तू बता क्या करना है." मले असं कोणी विचारलंच नव्हतं कधी.

दसऱ्याले नवरा आला. सोन्याची पानं घेऊन फाटकाबाहेर उभा. "चाल घरी. इथं कोनाच्या भरवशावर रायशील?" मॅडम माझ्या बाजूले उभ्या होत्या. मी म्हणली, "मी येत नाही." आवाज बरोबर निंघाला. तो वापस गेला.

मैत्रिणी विचारतात, ती म्हातारी देवीच होती का? मले माहीत नाही. देवी चुट्टा ओढत असेल तर मले लय आवडेल! पण मग काच वेचणारी कोण होती, अन् कुलूप घेऊन उभी होती ती? तिघींतून देवी कुठं शिरली अन् कुठं निंघाली, हे मी अजून शोधूनच राह्यली आहे. प्रत्येकीचे उपकार मात्र आहेत, तेवढं पक्कं.

दसऱ्याच्या त्या संध्याकाळी, घट उठल्यावर, मी दिव्यात तेल वाढवलं नाही. वात बारीक होत होत शांत झाली, अन् मी बाजूले बसून पाहिलं. जीव घाबरा झाला नाही. पुढं मारहाणीची केस आहे, परीक्षा आहे, अन् माझे आई-बाबा अजूनही फोनवर "जरा समजून घे" म्हणून राह्यले. काय होईल मले दिसत नाही. मी अंधारात हात जोडले अन् खूप दिवसांनी तिच्याशी बोलली, "माय, मले जेवढं समजते तेवढं मी करते. बाकीचं तू पाह्य."